धरणाच्या काठाला सरकारी वाट हवी

देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतारावर तर भंडारदरा, पवना, पानशेत, वरसगाव, कोयना अशी पाण्याची रांगच लागलेली आहे. यातली बहुतेक धरणं जनतेच्या पैशातून बांधली गेली, त्यासाठी गावंच्या गावं ‘सार्वजनिक प्रयोजना’च्या नावाखाली संपादित झाली, आणि आजही या पाण्याचा कारभार सरकारी खात्याकडेच आहे. तरी एखाद्या कुटुंबाला सुट्टीच्या दिवशी या पाण्याजवळ उजळ माथ्यानं जाऊन बसायचं असेल, कुणाला आपली छोटी होडी पाण्यात घालायची असेल, कॉलेजच्या मुलांना एक रात्र तंबू ठोकून राहायचं असेल, तर त्यासाठी अधिकृत जागा कुठली? हातावर मोजण्याइतकी ठिकाणं सोडली तर या प्रश्नाला उत्तर नाही. बाकी ठिकाणी एक तर ‘प्रवेश निषिद्ध’ असा गंजका फलक आहे, किंवा कुणा खासगी माणसाचं फाटक आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारी जलाशयाच्या काठावर प्रत्येकाला जाता आलं पाहिजे. तो हक्क नियमात लिहिलेला, नकाशावर आखलेला आणि जागेवर खुणा केलेला असला पाहिजे. आज आपल्याकडे दोनच हत्यारं वापरली जातात, बंदी आणि ठेका. दोन्हींत सरकार आपल्या अंगावरची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतं. बंदीत ती पोलिसांवर जाते, ठेक्यात ठेकेदारावर.

बंदीची गोष्ट दर पावसाळ्यात त्याच क्रमानं घडते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांचा व्हिडिओ देशभर फिरला. लगेच पुणे जिल्ह्यातल्या धरण-धबधब्यांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश निघाले, नाक्यांवर पोलीस उभे राहिले, गाड्या परत पाठवल्या गेल्या. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तिथून फार लांब नसलेल्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक आहे हे आधी माहीत होतं. तिथं फलकही होता. फलक लावल्यावर आपलं काम संपलं असं प्रशासनाला वाटतं. पण पुण्या-मुंबईच्या परिसरातले लाखो लोक पहिल्या पावसाला डोंगरात जाणार, हे पंचांगात लिहिल्यासारखं ठरलेलं आहे. ते कुठं थांबतील, गाड्या कुठं लावतील, पाण्यात कुठपर्यंत उतरतील, ओढ्याला अचानक लोंढा आला तर त्यांना कोण सांगेल, याचं नियोजन कुणीच केलेलं नसतं. आदेशाची मुदत संपली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. आणि आदेश चालू असतानाही माणसं थांबत नाहीत. नाक्यावर अडवलेला बाईकस्वार गावातल्या आतल्या रस्त्यानं जातो आणि जिथं ना दोर आहे, ना जीवरक्षक, ना मोबाइलची रेंज, अशा जागी पाण्यात उतरतो. बंदीमुळे गर्दी कमी होत नाही, ती जास्त धोक्याच्या जागी सरकते.

आता काठावर काय दिसतं ते सांगतो. मावळातल्या एका जलाशयाच्या कडेकडेनं चालत जायचा प्रयत्न मी बऱ्याचदा केला आहे. मे महिन्यात पाणी खूप खाली गेलेलं असतं. भेगाळलेल्या गाळातून जुन्या घराच्या जोत्याचे दगड वर आलेले दिसतात. कुठं एखाद्या विहिरीचं कडं दिसतं. या दिवसांत काठानं चालणं सगळ्यात सोपं असायला हवं. पण थोडं पुढं गेलं की काटेरी तारेचं कुंपण आडवं येतं. ते वर रस्त्यापासून निघतं, उतारावरून खाली येतं आणि थेट पाण्यात शिरतं. शेवटचे दोन-तीन सिमेंटचे खांब पाण्यातच उभे असतात, त्यांना शेवाळ धरलेलं असतं. आत हिरवळ, रंगीत तंबूंची ओळ, पाण्यावर लाकडी धक्का आणि बांधून ठेवलेल्या कायाक. राखणदार वाईट वागत नाही. ‘साहेब, इथून रस्ता नाही, वरून फिरून या,’ एवढंच म्हणतो. वरून फिरून म्हणजे डांबरी रस्त्यानं मोठा वळसा, आणि तिथं पोचलं की पुढचं कुंपण. एकदा माझ्यामागून शेळ्या घेऊन एक बाई येत होत्या. त्यांनाही तोच वळसा. त्यांच्या शेळ्यांना पाणी पाजायची जागा कुंपणाच्या आत गेली होती.

ऑक्टोबरात धरण भरलेलं असताना याच जागी गेलं की कुंपणाचा खालचा बराच भाग पाण्याखाली गेलेला असतो. म्हणजे जी जमीन वर्षातले कित्येक महिने जलाशयाचा तळ असते, तिच्यावर तार ओढलेली आहे. पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पोचतं त्या रेषेच्या, आतली जमीन तर कुणाच्या बापजाद्यांची असूच शकत नाही, ती धरणासाठी संपादित झाली म्हणूनच तिथं पाणी आहे. तिच्या वरही अनेक ठिकाणी संपादित जमिनीचा पट्टा आहे. त्याच्या हद्दीचे दगड एके काळी रोवलेले होते. आज ते शोधून सापडत नाहीत.

हद्दीच्या आत कुणाचा कसला हक्क आहे, याची व्यवस्था आपल्याकडे अजिबातच नाही असं नाही. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन हंगामापुरती कसायला देण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्यात धरणग्रस्तांना पहिला मान आहे. जलाशयातल्या मासेमारीसाठी सहकारी संस्थांना ठेके दिले जातात. शेतीपंपांना पाणी उचलायची परवानगी असते. म्हणजे कसणारा, मासे धरणारा आणि पाणी उपसणारा हे तिघं सरकारी कागदावर आहेत. नुसता काठावर येऊन बसणारा, पोहणारा, होडी वल्हवणारा, पाखरं पाहणारा माणूस मात्र त्या कागदावर कुठंच नाही. कागदावर नसल्यामुळे त्याचा हक्कही नाही आणि त्याच्यावर बंधनही नाही. त्यानं बाटल्या कुठं टाकायच्या नाहीत, किती वाजता आवाज बंद करायचा, हे सांगणारा नियमही मग उरत नाही.

पाण्यात गेलेल्या गावांचा विषय इथं टाळता येणार नाही, टाळूही नये. मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह झाला. धरणविरोधी लढ्यांचा इतिहास आपल्याकडे तिथून सुरू होतो. पवनेचं धरण सत्तरच्या दशकात उभं राहिलं, पण पन्नास वर्षं उलटली तरी तिथले धरणग्रस्त पर्यायी जमिनीसाठी मोर्चे काढतच आहेत. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा मृत्यू झाला. ज्या पाण्यासाठी एवढं झालं, त्याच पाण्याच्या काठावर आज शनिवार-रविवारी शेकडो तंबू लागतात. हे तंबू लावणारे सगळेच बाहेरचे धनदांडगे नाहीत, हेही खरं. त्यात धरणात जमीन गेलेल्या घरांतली तरुण मुलं आहेत. उरलेल्या तुकड्यावर दहा तंबू घेऊन त्यांनी धंदा उभा केला आहे, आई-बहिणी भाकरी-पिठलं करून वाढतात, आणि आठवडाभर दुसरीकडे मजुरी करावी लागत नाही. त्यांचा धंदा अवैध म्हणून मोडून काढा असं मी कधीही म्हणणार नाही. उलट, काठावरच्या व्यवस्थेत पहिला वाटा त्यांचाच असला पाहिजे. गाळपेर जमिनीत जसा त्यांना पहिला मान आहे, तसाच तंबूच्या जागांत, होड्यांच्या परवान्यांत आणि तिथल्या पगारी कामांत असायला हवा. आज मात्र त्यांच्या शेजारची जमीन शहरातल्या माणसानं विकत घेऊन बंगले बांधले, की हीच मुलं त्याच्याकडे राखणदार होतात.

आणि धरणाचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांचं काय? पिंपरी-चिंचवडच्या एका खोलीत राहणारा कामगार पवनेचंच पाणी पितो. त्याची पाणीपट्टी आहे, कर आहे. त्याला मुलाबाळांना घेऊन त्या पाण्याजवळ दुपार घालवायची असेल, तर माणशी हजार-दीड हजार रुपयांचा तंबू त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो दुचाकीवरून येतो, रस्त्याच्या कडेला गाडी लावतो, आणि पोलिसांची शिट्टी वाजली की उठतो. तलावाकाठच्या व्हिलात उतरलेल्या माणसाला कुणी उठवत नाही. बंदीचे आदेश निघतात तेव्हा ते कागदावर सगळ्यांना सारखेच असतात, पण फाटकाच्या आत कुणी जाऊन बघत नाही.

ठेक्याच्या बाजूनं नेहमी सांगितलं जातं की सरकारला हॉटेलं चालवता येत नाहीत, खासगी माणूस आला की स्वच्छता येते, शिस्त येते, सुरक्षितता येते. गेल्या काही वर्षांत जलसंपदा विभागानं धरणांजवळची विश्रामगृहं आणि मोकळ्या जमिनी खासगी सहभागातून पर्यटनाला देण्याचं धोरण धरलं आहे, त्यामागं हाच विचार आहे. कित्येक विश्रामगृहांची छपरं गळत आहेत, खिडक्या गेल्या आहेत, हे मला मान्य आहे. त्यांना कुणी चालवणारा मिळाला तर वाईट नाही. पण ठेक्यानं सुरक्षितता येते हा दावा १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात बुडाला. तो तलाव महापालिकेनं ठेक्यानं चालवायला दिला होता. सहलीला आलेल्या मुलांना क्षमतेपेक्षा जास्त संख्येनं होडीत बसवलं, बहुतेकांना जीवरक्षक जॅकेट नव्हती. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. ठेका दिला की तपासणी करायला कुणी उरत नाही. होडीत किती माणसं बसली हे मोजणारा सरकारी माणूस धक्क्यावर उभा नसेल, तर धक्का कुणाच्या मालकीचा आहे यानं काही फरक पडत नाही.

जमिनीच्या बाबतीतला धडा तर आपल्या घरचाच आहे. वरसगाव धरणाच्या काठची शंभराहून जास्त हेक्टर जमीन कृष्णा खोरे विकास महामंडळानं २००२ मध्ये लवासा उभं करणाऱ्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिली. त्या प्रकल्पाविरुद्धच्या जनहित याचिकेचा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं दिला तो २०२२ मध्ये, आणि आव्हान द्यायला झालेला उशीर हे याचिकेतून फारसं काही हाती न लागण्याचं मोठं कारण ठरलं. काठ एकदा हातातून गेला की तो कोर्टातून परत मिळवणं किती अवघड असतं, ते यातून दिसतं. म्हणून काठावरची सार्वजनिक वाट ही भाडेपट्टा करतानाच त्यात घालायची अट आहे. पुढं कधी तरी मागू म्हटलं, तर मिळत नाही.

कायद्याचा आधार यासाठी नव्यानं शोधावा लागणार नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात, सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग आहे असं स्पष्ट केलं. नद्या, किनारे, जंगलं सरकारच्या ताब्यात असतात ती मालक म्हणून नव्हे, लोकांचा विश्वस्त म्हणून. याहून जवळचा दाखला गोव्याचा आहे. दोनापावलाजवळच्या वायंगिणीच्या किनाऱ्यावर जायची लोकांची वाट एका मोठ्या हॉटेलाच्या बांधकामामुळे अडली. गावातले लोक आणि संस्था वर्षानुवर्षं कोर्टात लढले. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्यात याच विश्वस्ततेच्या तत्त्वाचा आधार घेतला. किनाऱ्यावर हॉटेल असायला हरकत नव्हती, हरकत होती ती वाट बंद करायला. समुद्राच्या किनाऱ्याला जे लागू झालं, ते जनतेच्या पैशानं बांधलेल्या जलाशयाच्या किनाऱ्याला का लागू होऊ नये? समुद्र तर निसर्गानं दिलेला आहे. धरणासाठी तर आपण जमिनी दिल्या, कर दिले, माणसं उठवली.

होड्यांचा प्रश्न मात्र केवळ सहलीचा नाही. उजनीच्या पाणलोटात करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतल्या कित्येक गावांना समोरच्या काठावर जायला होडी हाच जवळचा मार्ग आहे. रस्त्यानं गेलं तर जलाशयाला फार मोठा वळसा पडतो. धरण झालं तेव्हा जुने रस्ते पाण्याखाली गेले, आणि त्या जागी होडी आली. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. एक जण पोहत काठाला लागला म्हणून घटना लगेच कळली. या प्रवासासाठी पक्का धक्का असता, होडीची तपासणी झालेली असती, हवामानाचा इशारा आला की सेवा थांबवायचा अधिकार कुणाला तरी असता, अंगात जॅकेट असती, तर काय झालं असतं? वारा थांबला नसता. पण त्या वाऱ्यात होडी निघालीच नसती अशी शक्यता होती, आणि निघाली असती तरी माणसं तरंगत राहण्याची शक्यता होती. होड्यांची नोंदणी आणि तपासणी कशी करावी यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. कायदा आहे आणि होड्याही आहेत. त्या दोघांची भेट व्हायची जागा, म्हणजे सरकारी धक्का आणि तिथला नोंद ठेवणारा माणूस, तेवढी नाही.

याच उजनीवर भिगवणच्या बाजूला, कुंभारगाव-डिकसळच्या काठावर, कोळी मंडळींनी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवण्याचा धंदा स्वतःच्या हिमतीवर उभारला आहे. पहाटे होडी काढायची, मोटर बंद करून वल्ह्यानं पुढं सरकायचं, पाखरांचा थवा बिचकणार नाही इतकं अंतर ठेवायचं, हे त्यांना कुठल्या खात्यानं शिकवलेलं नाही. पाखरू उडून गेलं तर उद्याचं गिऱ्हाईक गेलं, हे त्यांना नीट कळतं. अशी माणसं हाताशी असताना बाहेरून ठेकेदार आणायची गरज काय?

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर बामणोलीला गेलेल्यांना चांगल्या व्यवस्थेचा थोडा तरी अनुभव आलेला असतो. तिथून वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं तर वन खात्याकडे नोंद करावी लागते, ओळखपत्र दाखवावं लागतं, बोट क्लबची होडी ठरलेल्या दरात मिळते, सोबत नेलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या जातात, संध्याकाळच्या आत परत यायचं असतं. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तरी तिथं माणसाला जाता येतं, आणि जंगलाचंही फार बिघडत नाही, कारण कोण गेलं, कधी गेलं आणि परत आलं का, हे कुणाला तरी माहीत असतं. बामणोलीला उणिवा पुष्कळ आहेत. जोडून सुट्ट्या आल्या की रांगा लागतात, धक्क्यावर स्वच्छतागृहाची रड असते. पण तत्त्व बरोबर आहे. २०२४ मध्ये जवळच मुनावळ्याला सरकारचं जलपर्यटन केंद्र सुरू झालं. वेगवान बोटींपेक्षा तिथल्या गावकऱ्यांच्या रोजच्या लाँचला आणि तराफ्याला त्यातून काय मिळतं, यावर त्या केंद्राचं यश मोजलं पाहिजे.

परदेशातला एक दाखला मुद्दाम देतो, कारण अमेरिकेत राहणारे आपल्यातले अनेक जण त्याचा लाभ दर उन्हाळ्यात घेतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारची बरीच धरणं लष्कराच्या अभियंता विभागाकडे आहेत. तिथल्या संसदेनं १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यातच लिहून ठेवलं की या जलाशयांचं पाणी होड्या, पोहणं, मासेमारी यांसाठी सर्वसाधारणपणे लोकांना खुलं राहील आणि काठावरून पाण्यापर्यंत ये-जा करायची सोय सार्वजनिक वापरासाठी राखली जाईल. धरणासोबतच हा हक्क कायद्यात आला. त्यामुळे अटलांटाजवळच्या लेक लॅनियरवर महाराष्ट्र मंडळाच्या सहलीसाठी कुणाचं फाटक ठोठवावं लागत नाही. गाडीमागं आणलेली होडी उतरवायचा सरकारी उतार आहे, तंबूसाठी क्रमांक दिलेल्या जागा आहेत, शुल्क माफक आहे. तो जलाशय अटलांटा परिसराला पिण्याचं पाणीही पुरवतो. तिथंही माणसं बुडतात, दारू पिऊन बोटी चालवणारे तिथंही आहेत. पण दुर्घटना झाली की तिथं गस्त, जॅकेट आणि दंड यांची चर्चा होते. सगळ्यांनाच काठावरून हाकलून द्यावं, असं कुणाच्या मनात येत नाही. शिवाय मासेमारीच्या साहित्यावरच्या अबकारी करातून राज्यांना निधी मिळतो आणि त्याचा ठरावीक हिस्सा होड्या उतरवण्याच्या जागांवर खर्च करावा लागतो. म्हणजे वापरणाऱ्याचा पैसा वापराच्याच जागी परत येतो.

याला आपल्याकडे घेतले जाणारे आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाहीत. पिण्याचं पाणी खराब होईल, हा त्यातला सगळ्यात गंभीर. पण पाणी खराब करतं कोण? दिवसभर बसून जाणाऱ्या माणसाचा कचरा डोळ्यांना दिसतो, तो उचलता येतो, त्याला दंड करता येतो. काठावरच्या बंगल्यांचं आणि रिसॉर्टांचं सांडपाणी दिसत नाही, ते शोषखड्ड्यातून झिरपत पावसाळ्यात सरळ खाली येतं. पाण्याची एवढी काळजी असेल, तर पक्क्या बांधकामांवर आधी बडगा उचलावा आणि सार्वजनिक जागी स्वच्छतागृहं बांधावीत, पाण्यापासून दूर, मैला टँकरनं उचलून नेण्याच्या सोयीची. खडकवासल्याच्या चौपाटीवर दर रविवारी जी गर्दी होते, तिला पुरेशी स्वच्छतागृहं नसतील, तर ती गर्दी जाईल कुठं? यात बायकांचे किती हाल होतात, हे कुठल्याही घरातल्या बाईला विचारा.

धरणाच्या सुरक्षेचा मुद्दा भिंतीपुरता पूर्णपणे बरोबर आहे. भिंत, दरवाजे, सांडवा, विमोचक (पाणी सोडायची वाट) आणि त्यांच्याभोवतीचं ठरावीक अंतर पूर्ण बंदच असलं पाहिजे. पण जलाशयाचा काठ कित्येक किलोमीटर पसरलेला असतो. भिंतीसाठीची बंदी भिंतीपासून कोसभर लांबच्या वाडीपर्यंत ताणायला काहीच आधार नाही, आणि तसंही त्याच काठावर खासगी तंबूंना आज कुणी अडवत नाही.

पाखरांचा आणि वन्यजीवांचा मुद्दा मला स्वतःला सगळ्यात जवळचा आहे. काही काठ माणसांसाठी बंदच राहावेत, काही विणीच्या हंगामापुरते बंद राहावेत. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये त्याला तो दर्जा मिळाला. तेही मूळचं बंधाऱ्यामुळे तयार झालेलं पाणी आहे. तिथं निरीक्षण मनोरे आहेत, स्थानिक मार्गदर्शक आहेत, आणि पाखरांच्या जागेत शिरण्याची मुभा नाही. माणसाला जवळ आणायचं आणि तरी अंतरावर ठेवायचं, हे तिथं जमलेलं आहे. आणि काठापर्यंत वाट म्हणजे काँक्रीटचा पट्टा, दिवे, कठडे, सेल्फी पॉइंट असा अर्थ मला अजिबात अभिप्रेत नाही. पवई तलावाच्या कडेनं मुंबई महापालिकेनं सायकल ट्रॅक काढायला घेतला होता. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढायला सांगितलं. तो निकाल मला योग्यच वाटतो. पायवाट मातीची असावी, पाण्याबरोबर मागं-पुढं सरकणारी. होडी उतरवायचा उतार दगडी असावा, एका जागी, आणि बाकीचा काठ तसाच ठेवावा.

राहिला दारूचा आणि गोंगाटाचा प्रश्न. गावकऱ्यांची खरी तक्रार हीच असते. रात्री दोन वाजेपर्यंत स्पीकर, सकाळी काठावर फुटलेल्या बाटल्या, कपडे धुवायला जाणाऱ्या बायकांना होणारा त्रास. हे बंद झालंच पाहिजे. पण ते बंद करण्याचा अधिकार गावाला दिला तरच होईल. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्याआधी काजवे पाहायला हजारो गाड्या येतात, तिथं गावांच्या समित्या नाक्यावर शुल्क घेतात, गाड्या कुठं थांबवायच्या ते सांगतात. व्यवस्था कच्ची आहे, गर्दीच्या रात्री ती कोलमडते. तरी पोलिसाच्या शिट्टीपेक्षा गावातल्या ओळखीच्या माणसाचं बोलणं लोक जास्त ऐकतात, हे तिथं दिसतं. मात्र समितीला कायद्यानं अधिकार हवेत, तिच्या पावतीला किंमत हवी, आणि जमा झालेल्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. नाही तर सरकारी फाटकाऐवजी गावातल्या चार दांडग्यांचं फाटक येईल, आणि शेळ्या घेऊन जाणाऱ्या त्या बाईंचा वळसा तसाच राहील.

खर्च कोण करणार, हे विचारलं जाईल. तंबूच्या जागांचं भाडं, होड्यांचे परवाने, गाड्या लावायचं शुल्क, एवढ्यावर एका जागेचे दोन राखणदार, एक जीवरक्षक आणि सफाई भागेल असं मला वाटतं, गर्दीच्या जागी तर नक्कीच. पायी येणाऱ्याकडून, पाखरं पाहणाऱ्याकडून, गुरं पाजणाऱ्याकडून एक पैसाही घेऊ नये. जमलेला पैसा त्या जलाशयाच्या काठीच राहावा, त्यातला ठरावीक वाटा धरणग्रस्तांच्या गावांना मिळावा आणि तो दरवर्षी जाहीर व्हावा.

सगळ्यात आधी करायचं काम मोजणीचं आहे. प्रत्येक सरकारी जलाशयाची पूर्ण संचय पातळी आणि संपादित जमिनीची हद्द भूमी अभिलेख खात्याकडून जागेवर मोजून घ्यावी, दगड पुन्हा रोवावेत, नकाशा ग्रामपंचायतीत लावावा आणि संकेतस्थळावर टाकावा. हद्दीच्या आत आलेलं प्रत्येक कुंपण, मग ते कुणाचंही असो, नोटीस देऊन काढावं. त्यानंतर प्रत्येक जलाशयावर निदान एक खुली जागा ठरवावी, जिथं पायवाट, धक्का, स्वच्छतागृह आणि रात्री तंबूला परवानगी असेल. विश्रामगृहं आणि जमिनी खासगी सहभागातून देण्याच्या निविदा तोपर्यंत थांबवाव्यात, कारण हद्दच ठाऊक नसताना आपण नेमकं काय भाड्यानं देतो आहोत, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही.